डबा आणि ते एक गाणं

आमच्या सोलापूरच्या सोसायटीच्या मंडळाचं स्नेहसंमेलन दर डिसेंबरात गच्चीवर होतं. दीपप्रज्वलन, अहवाल, बक्षिसं सगळं असतं, ते सोडून देते. माझा जीव अडकतो तो डब्यात.

सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून उशिरा झोपलो होतो आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमाराला मांडणीवरची भांडी खणखणली. किल्लारीकडच्या भूकंपाचं उजाडल्यावर कळलं. त्या वर्षी संमेलनच नको, असं बरेच जण म्हणत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, "करा, पण मदतीचा डबा फिरवा. मी गाते." आणि त्या 'ऐ मेरे वतन के लोगो' गायल्या. युद्धाचं गाणं भूकंपाला कसं चालेल, अशी शंका निघालीच. पण २७ जानेवारी १९६३ ला लताबाईंनी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर म्हटलेलं हे गाणं. कवी प्रदीप यांनी त्याची रॉयल्टी युद्धात गेलेल्या जवानांच्या पत्नींसाठी देऊन टाकली होती. चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. मग मदतीला हेच गाणं का नको? ते रॉयल्टीचे पैसे मिळावेत म्हणून २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. आमच्या डब्याचा हिशेब आठ दिवसांत फळ्यावर लागायचा. खजिनदार मी होते, म्हणून सांगते.

तेव्हापासून दरवर्षी तेच गाणं, तोच डबा. गाणं चालू असताना नोटाच टाकायच्या, नाणी नंतर, खणखणाट नको. नर्सबाईंचा आवाज दर वेळी एकाच ओळीवर फुटतो. मला ती जागा माहीत आहे, तरी त्या ओळीला मी डब्याकडेच बघत बसते.

त्याआधी मालिकांच्या शीर्षकगीतांची भेंडी. पेटीवर दोन सूर वाजले की ओळखायचं. 'गोट्या' आणि 'आभाळमाया' ही हमखास. दोन्ही चाली अशोक पत्कींच्या. १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर लागलेल्या 'मिले सूर मेरा तुम्हारा'मागेही लुई बँक्स यांच्याबरोबर तेच होते, हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी "काय सांगता!" म्हणतं. पोरांना मात्र हल्ली काही ओळखता येत नाही. मोबाइलवर सुरुवातीचं गाणंच पुढे ढकलतात, ओळखणार कुठून?

गर्दीचं बोलायचं तर मसालेभाताच्या वासाला दीडशे माणसं असतात, डबा फिरताना साठ. बी विंगकडे मी बोट दाखवत नाही. त्यांना कळतंय.

राबणाऱ्यांची नोंद करायलाच हवी, मागे एकदा राहून गेली तर दोन महिने अबोला होता. पेटीवाले गुरुजी, तबल्याला चार नंबरचे भाचे, माईक लावणारा आणि पावसात वायर डोक्यावर धरून उभा राहिलेला इस्त्रीवाल्यांचा मुलगा, सतरंज्या उचलणारी अकरावीची टोळी, चहाच्या दोन्ही वहिनी (दोन्ही, एक नाही), दिवे गेले तेव्हा कंदील आणणारे वॉचमनमामा, रांगोळीवाल्या ताई, पुण्याला गेल्या तरी येतात. आणि तळमजल्याच्या आजी. बोर्नव्हिटाच्या त्या डब्याला खाच पाडून त्यांनी खळीनं 'किल्लारी' असा कागद चिकटवला होता. डबा आता कशाकशासाठी फिरतो, पण तो कागद कुणी काढलेला नाही.