भाताची बादली फिकी, टोमॅटोची गडद: सिलिकॉन प्रयोगाची पुढची नोंद

भात, काकडी आणि टोमॅटो मी मातीविना, बादलीतल्या खताच्या पाण्यात वाढवतोय: एका बादलीत सिलिकॉन, जोडीच्या बादलीत नाही. सिलिकॉनच्या बादल्यांत ते किती उरलंय हे दाखवणारी, ज्याची वाट पाहत होतो ती सिलिकेट चाचणी एकदाची झाली. निळा रंग जितका गडद, तितकं पाण्यात सिलिकॉन जास्त. भाताच्या बादलीतल्या पाण्याला जेमतेम निळसर झाक आली. काकडीचं पाणी पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवलेल्या नमुन्याइतकंच निळं निघालं. टोमॅटोचं मात्र त्या नमुन्याहून गडद! टोमॅटो काही सिलिकॉन तयार करत नाही. त्याने पाणी ओढून घेतलं आणि सिलिकॉन बाहेरच ठेवलं, म्हणून उरलेल्या पाण्यात ते दाट झालं. भाताचं नेमकं उलटं: पाण्यापेक्षाही झपाट्याने त्याने सिलिकॉन उचललं. हा फरक वाचून माहीत होता, पण मत्स्यालयवाल्यांच्या साध्या चाचणी संचावर इतका स्वच्छ दिसेल असं वाटलं नव्हतं.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. हे संच फार कमी प्रमाणासाठी बनवलेले असतात, त्यामुळे नमुना दहापट पातळ करूनच तपासा. आणि स्फुरदसुद्धा संचातल्या मॉलिब्डेट या रसायनाबरोबर निळा रंग देतो. खताच्या पाण्यात स्फुरद असतंच. ऑक्झॅलिक किंवा टार्टारिक आम्लाची पायरी असलेला संच घेतला तर ही अडचण सुटते. काचेची भांडी मी पूर्ण बाद केली आहेत. काच म्हणजे मुख्यतः सिलिकाच (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग), थोडी थोडी विरघळत राहते. सगळं प्लास्टिकमध्ये, आणि पाणी आरओचं, कारण नळाच्या पाण्यात मुळातच सिलिकॉन असतं.

भाताला हे जमतं ते मुळांतल्या दोन प्रथिनांमुळे. एलएसआय-१ आणि एलएसआय-२ ही त्यांची जनुकं जपानमध्ये जिआन फेंग मा आणि सहकाऱ्यांनी २००६ आणि २००७ मध्ये शोधली. एकाच पेशीच्या बाहेरच्या अंगाला पहिलं बसलेलं असतं, आतल्या अंगाला दुसरं. पहिल्यातून सिलिसिक आम्ल (मुळं सिलिकॉन घेतात ते याच रूपात) आपसूक आत येतं, दुसरं ऊर्जा खर्च करून ते पुढे जलवाहिन्यांच्या दिशेने ढकलतं. टोमॅटोकडे पहिलं चालू स्थितीत आहे, दुसरं कामाचं नाही. त्यामुळे आत आलेलं पुढे सरकतच नाही. (जाता जाता: भातात आर्सेनिकचं एक रूप, आर्सेनाइट, याच वाटेने घुसतं. मुळाभोवती सिलिकॉन भरपूर असेल तर ते कमी घुसतं.)

आता मांडणीबद्दल, कारण मागच्या नोंदीनंतर सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले. सिलिकॉनसाठी पोटॅशियम सिलिकेट दिलं आणि झाड सुधारलं, तर श्रेय सिलिकॉनचं की त्यातल्या पालाशचं, म्हणजे पोटॅशियमचं? शिवाय हे द्रावण कडक अल्कधर्मी. सामू ११ च्या वर. म्हणून मी ते आधी भरपूर पाण्यात पातळ करतो, मग सौम्य सल्फ्युरिक आम्लाने सामू ६ च्या आसपास आणतो आणि खतं सर्वांत शेवटी घालतो. क्रम उलटा केला तर खतांतल्या कॅल्शियमबरोबर पांढरा गाळ बसतो. या पद्धतीत शेवटी उरतं ते सिलिसिक आम्ल आणि पोटॅशियम सल्फेट. मग जोडीच्या, सिलिकॉन नसलेल्या बादलीत तेवढंच पोटॅशियम सल्फेट घातलं की हिशेब बरोबर. सिलिकॉन लिटरला २८ मिलिग्रॅम ठेवलंय, म्हणजे १ मिलिमोल. त्याच्या दुपटीच्या वर गेलं की रेणू एकमेकांना चिकटून जेल व्हायला लागतो आणि मुळांना त्याचा उपयोग नसतो.

झाडांचं म्हणाल तर, ताण नसताना दोन्ही भातांत उंचीचा किंवा फुटव्यांचा डोळ्यांना दिसेल असा फरक नाही. फरक आहे तो पानांच्या ठेवणीत. सिलिकॉनवाली पानं ताठ, बिनसिलिकॉनची कमरेत वाकलेली. पान शेंड्याकडून बुडख्याकडे बोटांतून ओढलं की लगेच कळतं: एक करवतीसारखं खरखरतं, दुसरं मऊ, नुसतं घसरतं. नत्र वाढवलं तेव्हा ही तफावत आणखी वाढली.

मग दोन्हींना मीठ दिलं, लिटरला सुमारे ३ ग्रॅम. खरी गंमत इथे सुरू झाली. बिनसिलिकॉनच्या भाताची जुनी पानं शेंड्याकडून करपत खाली आली. दुसऱ्याचे शेंडे पिवळे पडले आणि करपणं तिथेच रेंगाळलं. भातात सोडियमचा बराचसा भाग मुळांतल्या पेशींच्या मधल्या फटींतून, कोणतीही तपासणी न होता, आत शिरतो. सिलिका साचून त्या फटी आवळल्या जातात. म्हणूनच सिलिकॉनला ‘आणखी एक खत’ म्हणणं मला पटत नाही. ते झाडाला खाऊ घालत नाही, आत काय आणि किती येऊ द्यायचं यात हात घालतं. स्फुरद जास्त झालं तर सिलिकॉनमुळे भातात स्फुरदाचं शोषण कमी होतं. मँगॅनीज जास्त झालं तर सिलिकॉनमुळे बार्लीच्या पानात ते ठिपक्यांत गोळा न होता सगळीकडे पसरतं, त्यामुळे कमी बाधतं. आरामात वाढणाऱ्या झाडावर सिलिकॉन ओतून चमत्काराची वाट पाहणाऱ्यांची निराशा ठरलेली आहे.

काकडीवर भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी) दोन्ही बादल्यांत आली. सिलिकॉनच्या वेलावर ठिपके कमी आणि सुटे सुटे आहेत, पण एवढ्यावर मी पैज लावणार नाही. फवारणीबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो, की पानाला मुळासारखी ही व्यवस्था नसते. फवारलेलं सिलिकेट मुख्यतः पृष्ठभागावर काम करतं. भुरीवर त्याचा उपयोग होतो, पण त्याला शोषण म्हणू नका.

टोमॅटोत काहीही फरक नाही. तो आता या प्रयोगातून बाहेर.

एका भाताचं सिलिकॉन कालपासून बंद केलंय. पानात एकदा साचलेली सिलिका हलत नाही, जुन्या पानातून नव्याला मिळत नाही. तेव्हा खालची पानं ताठच राहायला हवीत आणि यापुढे निघणारी वाकायला हवीत. शेवटच्या ताठ पानाला लाल दोरा बांधून ठेवलाय.