पत्र्याची चौथी भिंत

आमच्या कॉलेजात कुठलंही बांधकाम सुरू व्हायच्या आधी ठेकेदाराच्या फाईलवर माझी सही लागते. मी इस्टेट विभागात ज्युनियर इंजिनियर. फाईलमध्ये काय काय असतं? वर्क ऑर्डर, लेबरची यादी, पीएफ-ईएसआयची चलनं, विम्याची पॉलिसी, बांधकाम कामगारांसाठीची नोंदणी आणि हेल्मेट घातलेल्या दहा-बारा माणसांचा एक फोटो. हा फोटो मी इतक्या फायलींत पाहिलाय की त्यातली हेल्मेटं आता ओळखीची झालीयत. काम सुरू झालं की ती स्टोअरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत जातात आणि 'साहेब आले' म्हटलं की बाहेर येतात.

2019 च्या मे महिन्यात मुलींच्या हॉस्टेलच्या नव्या विंगचं काम निघालं. सुट्टी संपायच्या आत पाया उरकायचा, म्हणून सगळ्यांचीच घाई. तरी मला वाटतं मी बऱ्यापैकी कडक होते. जेसीबी आत सोडायच्या आधी आमच्या जुन्या वायरमनमामांना घेऊन सगळी जागा पायी फिरले. ड्रॉइंगमध्ये केबल रस्त्याच्या डाव्या बाजूला होती. मामांनी चप्पल घासून उजव्या बाजूला रेघ ओढली. "बाई, इथं हाय. मीच पुरलीया." हाताने खणून बघितलं तर सव्वा हातावर विटांचा थर आणि खाली केबल. ड्रॉइंगवर विसंबलो असतो तर बकेट थेट तिच्यावरच आली असती.

खोदाईचे नियमही पाठ होते. चर दीड मीटरच्या वर गेला की बाजूला उतार द्या, नाहीतर फळ्यांचा आधार लावा. काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब, आणि चर जास्त खोल असेल तर त्या खोलीच्या निम्मं तरी अंतर. शिडी काठाच्या वर 90 सेंटिमीटर आली पाहिजे. आमच्याकडे काळी माती. पावसाचा एक शिंतोडा पडला की चराची कड बिस्किटासारखी तुटते. विजेच्या डीबीला, म्हणजे वाटपाच्या पेटीला, ईएलसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) नव्हता, तो बसवून घेतला. सॉकेटमध्ये काड्या खोचून लावलेल्या वायरी काढायला लावल्या. कॅन्टीनकडे शॉर्टकट मारणाऱ्या पोरांसाठी पत्रे ठोकले. (ते पोरांनी आठवड्यात वाकवले, तो भाग वेगळा.) मग सही केली.

लेबरच्या शेड कुठे उभ्या राहिल्यात, हे मात्र मी पाहूनही पाहिलं नाही.

त्या मागच्या कंपाउंड भिंतीला चिकटून होत्या. कारण साधं. भिंत आयती मिळाली की तीनच बाजूंना पत्रा लागतो. सहा खोल्या, म्हणजे सहा बाजूंचा पत्रा वाचला. भिंत बारा फुटी, दगडी आणि जुनी. पलीकडच्या प्लॉटमध्ये कुणीतरी तिच्या निम्म्या उंचीपर्यंत राडारोडा आणि मुरूम भरून ठेवलेला. पाणी निघायला भिंतीला भोकं होती, पण मातीने बुजलेली. मी रोज तिथून जायचे. एका खोलीत साडीची झोळी होती. तिची दोरी वरच्या बांबूला आणि खालचं टोक भिंतीतल्या खिळ्याला.

29 जूनला मध्यरात्रीनंतर पुण्यातल्या कोंढव्यात सोसायटीची कंपाउंड भिंत मजुरांच्या शेडवर कोसळली. 15 जण गेले. तीनच दिवसांनी पुण्यातच आंबेगावात एका कॉलेजच्या आवाराची भिंत पडली आणि आणखी सहा जण गेले.

कोंढव्याची बातमी मी सकाळी चहा टाकताना ऐकली. गॅस बंद केला आणि तशीच गाडी काढली. पाऊस सुरूच होता. ठेकेदाराला फोन लावला तर म्हणाला, "मॅडम, ती भिंत वेगळी, आपली दगडी आहे." मी म्हटलं, "शेठ, तासाभरात माणसं वर्कशॉपच्या हॉलमध्ये हवीत. परवानगीचं मी बघते." परवानगी मी नंतर मागितली, आणि त्याबद्दल ऐकूनही घेतलं.

मुकादमाने भांडीकुंडी हलवायला सुरुवात केली. झोळीवाल्या बाईने खिळा उपटायला हात घातला, तर खिळ्यासोबत मूठभर चुना आणि ओली माती निघून आली. तिने ती ओंजळीत धरून मला दाखवली. बोलली काहीच नाही.

आमची भिंत पडली नाही. पलीकडचा भराव काढायलाच तीन महिने पत्रव्यवहार चालला. पण त्या दिवशी ऑफिसात येऊन मी माझी यादी पुन्हा वाचली. पिण्याचं पाणी संडासापासून 6 मीटर लांब, हे होतं. तेव्हाच्या 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यातूनच घेतलेलं. शिडी, फळ्या, अग्निशामक, सगळं होतं. माणसं रात्री कुठे झोपतात, ह्याला रकानाच नव्हता. मी पेनाने वरच्या समासात लिहिलं: 'शेड भिंतीपासून उंचीच्या दीडपट लांब. भिंतीपलीकडे जाऊन बघणे.' दीडपट हा माझा हिशोब, पुस्तकातला नाही.

आता ती ओळ टाईप होऊन पहिल्या नंबरवर आलीय. गेल्या महिन्यात नव्या लॅबचा ठेकेदार फाईल घेऊन आला. तरुण मुलगा, कागद चोख. पहिली ओळ वाचून म्हणाला, "मॅडम, पलीकडे तर दुसऱ्याची जागा आहे, तिकडे कसं जायचं?"

मी ड्रॉवरमधून छत्री काढली. "चला, गेटवरनं वळसा घालून जाऊ. टेप आणलाय ना?"