जुडीच्या आतली भाजी

'शाळेने काय दिलं ते लिहा,' असा स्मरणिकेसाठी निरोप आला. गणित दिलं नाही, हे सगळ्यांना माहीतच आहे. धर्मशिक्षणाचा तास मात्र डोक्यात राहिला.

आम्हा वसईच्या पोरांना संत गोन्सालो गार्सिया तोंडपाठ. जन्म वसईचा, ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रुसावर हौतात्म्य, १८६२ साली संतपद. एवढं लिहिलं की मार्क नक्की. सातवीच्या सिस्टरांनी एकदा विचारलं, "मरायच्या आधी तो काय काम करायचा रे?" वर्ग गप्प. मग त्यांनीच सांगितलं: तो फादर नव्हता, ब्रदर होता. त्याआधी व्यापारी. जपानी बोली चांगली अवगत, म्हणून १५९३ साली फ्रान्सिस्कन संघाचे फादर मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले तेव्हा दुभाषा म्हणून बरोबर गेला. "दुभाष्याने शब्द फिरवला तर कोणाला कळणार? क्रूस नंतर आला. रोजचं खरं बोलणं आधीचं."

पावित्र्याचं पाचारण फादर-सिस्टरांपुरतं नाही, सगळ्यांना आहे, असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच म्हटलेलं. प्रवचनात ते आम्ही जांभया देत ऐकायचो. सिस्टरांनी ते थेट भाजीत आणलं. अर्धा वर्ग वाडीवाल्यांचा. आया पहाटेच्या गाडीने दादरला भाजी न्यायच्या, रात्री ओट्यावर जुड्या बांधायला आम्ही. रीत ठरलेली: ताजा पाला बाहेर, पिवळा आत, वरून केळीच्या सोपटाचा बंद.

"गिऱ्हाईक घरी जाऊन जुडी सोडतं, तेव्हा तुम्ही तिथे नसता," एवढंच म्हणून त्यांनी फळा पुसायला घेतला.

त्या रात्री आमच्या घरात चमत्कार वगैरे झाला नाही. आजी म्हणाली, "सिस्टरांना म्हणावं, आधी दादरला बसून दाखवा." तिचंही खोटं नव्हतं, पावसाळ्यात अर्धी भाजी वाटेतच मान टाकते. आई काही बोलली नाही. पुढे कधीतरी तिने पिवळ्या पाल्याची जुडी वेगळी बांधून कमी भावात विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक तिच्यावरही घासाघीस करायचं.

मी आता इलेक्ट्रिकची कामं घेतो. भिंतीत अर्थिंगची वायर टाकली की नाही, हे प्लास्टर झाल्यावर कोणी बघत नाही. नवीन येणाऱ्या पोराला, ख्रिस्ती असो वा नसो, मी गोन्सालो गार्सिया सांगतो, पण दुभाषा होता तेवढाच. बहुतेक पोरं ऐकून घेतात आणि चहाला जातात.