राजमाची: लोणावळ्याहून की कर्जतहून?

मे महिना सरत आला की हा प्रश्न मला कुठंही गाठतो. फोनवर, लग्नाच्या पंगतीत, अगदी लोकलच्या डब्यातसुद्धा. "राजमाचीला जायचंय, लोणावळ्याहून जाऊ की कर्जतहून?" विचारणाऱ्याला बहुतेकदा 'लोणावळ्याहून' हेच ऐकायचं असतं, कारण ती वाट सपाट आहे हे त्याला आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: कर्जतहून चढा, लोणावळ्याला उतरा. "तुम्ही बदलापूरच्या, तुम्ही कर्जतचीच बाजू घेणार," असं म्हणून काही जण ते उडवून लावतात. त्यात तथ्य नाही असं नाही. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

राजमाची म्हणजे एकाच डोंगरावरचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. दोघांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आणि खाली माचीवर उधेवाडी. गाव पुणे जिल्ह्यातलं, मावळ तालुक्यातलं. पण कडा उतरलात की रायगड जिल्हा लागला. गडाचं सगळं लक्ष या उतरत्या बाजूकडे. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल बोरघाटानं देशावर चढायचा आणि त्या वाटेवर पहारा ठेवायला ही जागा मोक्याची. वाट अजून तीच आहे. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली, नंतर एक्स्प्रेसवे आला, आणि आपण आजही मुंबईहून पुण्याला जातो ते याच डोंगरांतून. लोणावळ्याहून आलात तर तुंगार्ली, वळवंड, फणसराई करत 15 किलोमीटरांहून जास्त चालायचं आणि किल्ल्यात मागच्या दारानं शिरायचं. हा गड इथंच का बांधला, हे त्या वाटेवर कळत नाही. कर्जतच्या बाजूच्या, पायथ्याच्या कोंदिवडे गावाहून घाम गाळत वर आलात की कुणाला विचारावं लागत नाही.

कर्जत स्टेशनाबाहेरून कोंदिवड्याला रिक्षा मिळते. तिथून चढणीला दोन-तीन तास धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त. पण सरळ वर जाऊ नका, कोंढाणे लेण्यांवरून जा. मी कर्जतच्या बाजूची एवढी वकिली करते त्यातली निम्मी या लेण्यांसाठीच आहे.

ही बौद्ध लेणी दोन हजार वर्षांपेक्षा जुनी. चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनात, शिरलात की आधी खांब दिसतात, म्हणजे खांबांचं जे काही उरलंय ते. बरेचसे खालून झिजून-तुटून गेलेत आणि वरचे तुकडे छताला धरून लोंबताहेत. दर्शनी बाजूला जरा वेळ काढा. कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारत होती, हे तिथं स्वच्छ दिसतं. दगडात गरज नसलेल्या तुळया, वासे, जाळ्या, कठडे, सगळं अगदी सुतारकामाच्या मापात कोरलंय. मधल्या चौकटींत नाचणारी जोडपी आहेत. चैत्याच्या डाव्या अंगाला एका भग्न मूर्तीचं नुसतं डोकं उरलंय आणि त्याच्या बाजूला ब्राह्मी लिपीतली एक ओळ: कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. राजाचं नाव नाही, दात्याचं नाही. करणाऱ्याचं आहे, आणि ज्याच्याकडे शिकला त्याचं. माझ्या मते अख्ख्या राजमाची परिसरात पाहण्यासारखी ही एक ओळ आहे, आणि तिच्याकडे पाठ करून लोक सेल्फी काढतात.

पावसाळ्यात लेण्यांच्या पुढ्यात वरच्या कड्यावरून पाणी पडत असतं. लेण्यांपासून पुढची वाट झाडीतून, अंगावर येणारी, आणि पावसात शेवाळलेली. बूट चांगले हवेत. एकट्यानं जाऊ नये. गावातला वाटाड्या घ्या, त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका.

गावात पोहोचलात की घरगुती जेवण मिळतं, पण आदल्या दिवशी फोन करून सांगितलेलं बरं. भाकरी-पिठलं, भात, असेल तर रानभाजी. मुक्काम कराच. एका दिवसात चढून-उतरून जाणारे श्रीवर्धनाचा झेंडा शिवतात आणि पळतात. मनरंजन त्यांच्या हिशेबातच नसतो.

श्रीवर्धन उंच, जवळपास 900 मीटर. दरवाजा ढासळलेला, पाण्याची टाकी, कातळात खोदलेली कोठारं आणि माझ्या आवडीचा चिलखती बुरूज. एका बुरुजाला बाहेरून दुसरा गुंडाळावा तशी दुहेरी भिंत आणि मधे जेमतेम माणूस शिरेल एवढी फट. तोफगोळ्यानं बाहेरची भिंत ढासळली तरी आतली शाबूत राहावी, ही योजना. वरून ढाकचा डोंगर, माथेरान, प्रबळगड, नागफणी, लोहगड-विसापूर, असं सगळं कुटुंब दिसतं. अर्थात ढगांनी दिसू दिलं तर. जुलैमध्ये समोरचा माणूस दिसला तरी पुरे.

मनरंजन ठेंगणा, पण बांधकाम त्याच्यावर जास्त शिल्लक आहे. गोमुखी, म्हणजे बुरुजांच्या वळणाआड लपवलेला, दरवाजा चांगल्या अवस्थेत, आत छप्पर उडालेला दगडी वाडा, आणि माणसं नाहीत. पावसाळ्यानंतर मला तोच जास्त आवडतो.

इतिहास विचाराल तर शिवाजी महाराजांनी 1657 च्या सुमारास कल्याण प्रांताबरोबर हा घेतला, 1713 मध्ये कान्होजी आंग्रे यांच्याकडे गेला, 1730 मध्ये पेशव्यांकडे आला आणि 1818 मध्ये इंग्रजांनी लढाई न करताच घेतला. हे कुठल्याही फलकावर मिळेल. मला त्यातलं एकच प्रकरण रंगवून सांगावंसं वाटतं, ते तोतयाचं. सदाशिवरावभाऊ 1761 मध्ये पानिपतावर पडले, पण 'मीच भाऊ' म्हणणारा एक जण पुढं कित्येक वर्षं पेशवाईच्या डोक्याला ताप होऊन राहिला. 1776 मध्ये त्यानं कोकणातला बराच मुलूख बळकावला आणि थेट राजमाचीपर्यंत आला. इथून घाट चढला की पुणं किती लांब! पण पुण्याच्या फौजेनं त्याला इथंच हाणला, तो पुन्हा कोकणात पळाला, पकडला गेला आणि त्याच वर्षी देहदंड भोगून संपला. मनरंजनाच्या तटावर बसून खाली बघताना, त्याला वरून पुण्याचं स्वप्न किती जवळ वाटलं असेल हे समजतं.

आता धबधबे. राजमाची म्हटलं की निम्म्या लोकांना कातळधारच हवी असते. उल्हास नदीच्या खोऱ्यात, गडाच्या खालच्या जंगलात ती आहे. पाणी पुढं आलेल्या कातळावरून कोसळतं, त्यामुळे धारेच्या मागच्या पोकळीत उभं राहता येतं. जागा विलक्षण आहे. पण उतरण निसरडी, झाडीत वाट चुकवणारी, आणि ओढा वरच्या पावसानं कधी फुगेल सांगता येत नाही. हे पाणी पुढं कुठं जातं ते आम्हा बदलापूरकरांना चांगलं ठाऊक आहे. 27 जुलै 2019 ला याच उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, हजारभर प्रवासी होड्यांनी काढावे लागले. जून 2024 मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात बंदीचे आदेश काढतं तेव्हा कुरकुर करण्याआधी हे आठवावं. निघण्यापूर्वी चालू आदेश बघा. कातळधारेला सप्टेंबर सरताना किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जा. पाणी असतं, पठारावर सोनकीची पिवळी रानफुलं फुललेली असतात आणि ओढ्यात पाय टाकताना जीव मुठीत धरावा लागत नाही.

काजव्यांसाठी विचारणारेही असतात. मेअखेर ते पहिला जोरदार पाऊस, एवढाच त्यांचा हंगाम. नर चमकून मादीला बोलावत असतात; त्यात तुम्ही टॉर्च आणि फोनचा फ्लॅश मारलात की तो सगळा संवाद तुटतो. शनिवारी शेकडो तंबूंच्या गर्दीत काजवे बघायला जाऊच नये. मधल्या वारी रजा काढता आली तर काढा.

परतीला लोणावळ्याची वाट. गुडघे आधीच बोलायला लागलेले असतात, तेव्हा तो लांबलचक सपाट रस्ता बरा वाटतो. पहाटे लवकर निघा, वाटेत सावली सलग नाही. बरोबर लहान मुलं किंवा वय झालेली माणसं असतील तर माझा हट्ट सोडा आणि जाताना-येताना दोन्ही वेळा लोणावळाच घ्या. कोरड्या दिवसांत जीप गावापर्यंत जाते, मुक्काम करून सकाळी सावकाश श्रीवर्धन चढता येतो. मग कोंढाणे राहून जाईल. ते नंतर कधीतरी वेगळं करा: कर्जतहून सकाळी निघालं तर लेणी बघून दुपारच्या लोकलला परत येता येतं.