पातेलं हातातच राहिलं

“थांब, ओतू नकोस!” आई ओरडली तेव्हा उकळत्या पाण्याचं पातेलं माझ्या हातात होतं.

अंगणातल्या फरशांच्या फटींत तण माजलंय. मीठ टाकलं तर शेजारच्या कढीपत्त्याची माती खारवेल, म्हणून नुसतं उकळतं पाणी. हराळीवर गेल्या आठवड्यात ओतलं होतं. वरची पाती करपली, खालच्या काशा, म्हणजे मातीतली आडवी खोडं, जिवंतच. आज पुन्हा हिरवीगार. बेशरम कुठली!

आई मात्र लालसर देठांची, जाडसर पानांची घोळ खुडत बसली. “तण काय म्हणतेस? मूगडाळ घालून भाजी होते हिची.”

रात्री ताटात तीच. किंचित आंबट. दोनदा वाढून घेतली.

आता राहिली हराळी. पण गणपतीत हिच्याच दूर्वा आपण जुडी-जुडीने विकत आणतो ना? सांगा, ओतू की नको?