पायी जाणाऱ्यांनी बसचे कागद कुठून आणायचे?

सरकारी प्राथमिक शाळेतल्या मुलांना शाळेपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या मानशीवर (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर) न्यायचं असेल तर काय काय लागतं, ते लिहून ठेवते आहे. मुलं लागतात, टोप्या लागतात, ओहोटी लागते. शिवाय बसची आरसी, विमा, फिटनेस आणि ड्रायव्हरचं लायसन्स. बस लागत नाही, फक्त तिचे कागद लागतात.

राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा लिहिणं थोडं वाकडंतिकडं होईल.

आमची शाळा मराठी माध्यमाची, पहिली ते चौथी, आणि आम्ही दोघी शिक्षिका. गाव गोव्यातलं, मांडवीला मिळणाऱ्या एका खाडीच्या काठी. खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेली भातशेती, अजून आहे, म्हणजे जिथे बांध शाबूत आहे तिथे आहे. जिथे फुटला तिथे कांदळवन शिरलं. चतुर्थीची सुट्टी संपल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचा काळ माझ्या मते शिकवायला वर्षातला सगळ्यात चांगला. पाऊस सैल झालेला असतो, भात पोटरीतून बाहेर पडून कणसं धरतो आणि मुलं घरून डोक्यात भरपूर काही घेऊन आलेली असतात. सुरुवातीचे दिवस माटोळीवर (चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-फुलं बांधून टांगतात ती चौकट) गेले. प्रत्येकाने आपल्या घरची माटोळी काढली, कांगण्यो, घागऱ्यो, कवंडळ, तोरंजन, आमाडे अशी यादी भिंतीवर चढली, कुठलं फळ रानातलं आणि कुठलं परसातलं यावर तिसरी-चौथीत भांडण झालं. ते सगळं आपोआप होतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मग परिसर अभ्यासात पाण्याचा विषय आला. खाडीचं पाणी खारं, शेत खाडीला लागून आणि भरतीच्या वेळी खाडीच्या पातळीपेक्षा खाली, मग भात मरत का नाही? हा प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला. "बांध आसा म्हणून," एक जण म्हणाला. मग पावसाचं पाणी बाहेर कसं जातं? त्यावर वर्ग गप्प. आम्ही एका प्लास्टिकच्या टबात मातीचा बांध घातला, त्याला भोक ठेवलं आणि जुन्या चपलेच्या रबराचं एक झाकण एका बाजूने टाचून लावलं. आतून पाणी ओतलं की झाकण उघडतं, बाहेरून ओतलं की दाबून बंद होतं. मानस याच तत्त्वावर चालते: ओहोटीला खाडी उतरली की शेतातलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं, भरती चढू लागली की खाडीचं पाणीच ते दार लोटून बंद करतं. मुलांना टबातलं पटलं, पण खऱ्या मानशीवर असंच होतं यावर त्यांचा विश्वास बसेना. ज्यांच्या घरचे तिथे मासे पकडायला जातात त्यांनाही दार कोणीतरी माणूस उघडतो असंच वाटत होतं. तेव्हा ठरलं, जाऊन बघू.

इथून पुढे तालुक्याचं ऑफिस.

शाळेच्या आवाराबाहेर मुलांना न्यायचं तर परवानगी हवी, आणि ती हवीच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाण्याकाठी लहान मुलं नेतो आहोत. पालकांची संमतीपत्रं, मुलांची यादी, सोबत कोण, प्रथमोपचाराची पेटी, हे सगळं लावून मी अर्ज दिला. ठरावीक नमुना आहे, त्यात एक रकाना वाहन क्रमांकाचा. मी तिथे आडवी रेघ मारली. अर्ज परत आला. कडेला पेन्सिलीने: वाहनाचे कागद जोडावेत.

मी रेघ खोडून 'पायी' लिहिलं आणि स्वतः घेऊन गेले. टेबलावरचे क्लार्क वाईट माणूस नव्हते. त्यांनी अर्ज उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाले, "टीचर, गाडयेचे पेपर जाय." म्हणजे गाडीचे कागद पाहिजेत. मी म्हटलं, गाडीच नाही, चालत जाणार आहोत. "तें खरें, पूण हांगा पेपर जाय." रकाना असेल तर त्याला जोडपत्र हवं, जोडपत्र नसेल तर फाइल पुढे जात नाही, फाइल पुढे गेली नाही तर साहेबांपर्यंत पोचत नाही. साहेब कुठे आहेत? साहेब प्रशिक्षणाला. कसलं प्रशिक्षण, हेही मी विचारलं. २०२०च्या शैक्षणिक धोरणातलं अनुभवातून शिक्षण. मी हसले नाही, याचं श्रेय मला मिळायला हवं.

पुढच्या खेपेला शेजारच्या टेबलावरून एक सूचना आली, अगदी आपुलकीने: ओळखीच्या एखाद्या बसवाल्याकडून कागद मागून आणा, झेरॉक्स जोडा, बस नेऊ नका. कोणाला काय कळतंय? हे लक्षात ठेवा, कारण तुम्हालाही कोणीतरी हेच सांगेल. करू नका. वाटेत एखाद्या मुलाला काही झालं, तर सरकारी कागदावर मुलं बसमध्ये होती आणि प्रत्यक्षात बांधावर होती, असा प्रकार तुमच्या सहीने झालेला असेल. आणि खरीच बस ठरवायची म्हटली तर तिचं भाडं कुठून काढायचं? बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतल्या शाळेच्या बस, अनुदानित शाळांकडे असतात, आम्ही सरकारी. शिवाय बांधावर बस जात नाही.

तेवढ्यात मला दिलेला सगळ्यात साधा सल्ला असा होता: "पुढच्या आठवड्यात घ्या हो, काय बिघडतं?"

काय बिघडतं ते सांगते, कारण या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे आणि ऑफिसात ते पटवताना माझा घसा बसला. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आठवडाभर पुढे गेलात की जवळजवळ सहा तासांचा फरक पडतो, म्हणजे ज्या वेळी ओहोटी होती त्या वेळी भरती. आमच्याकडे अष्टमीच्या आसपास सकाळच्या शाळेच्या वेळात पाणी उतरत असतं आणि मानशीचं दार उघडं असतं. अमावास्येला किंवा पुनवेला त्याच वेळी पाणी चढलेलं असतं, दार गच्च बंद, बघायला फक्त लाकूड. पंधरवडा उशीर झाला तर चालतो, कारण पाणी फिरून त्याच वेळेवर येतं. आठवड्याचा उशीर चालत नाही. मी मागितली होती भाद्रपद वद्य अष्टमी. तिच्यापुढे आठवडा म्हणजे सर्वपित्री अमावास्या. त्याच्याही पुढची अष्टमी म्हणजे दुर्गाष्टमी, तेव्हा शाळेत सरस्वती पूजनाची गडबड, दोन दिवसांत दसऱ्याची सुट्टी, मग परीक्षा, मग दिवाळी. आणि तोवर कापणी सुरू झाली असती तर भात उभं असलेलं शेतच दिसलं नसतं.

क्लार्क ऐकत होते, पण डोळे रकान्यावर. चहाचे ग्लास उचलायला आलेला शिपाई मात्र थबकला. नदीकाठचाच असावा. "उमाशेक (अमावास्येला) सकाळीं भरती आसता मरे," तो त्यांना म्हणाला, जणू एवढंही ठाऊक नसावं याचं नवल वाटून. त्या इमारतीत माझं म्हणणं समजलेला तो पहिला माणूस. त्याच्या हातात सही नव्हती.

ती अष्टमी गेली.

मार्ग सुचवला तो आमच्या समूहाच्या सीआरपी (शाळासमूहाचे साधनव्यक्ती) सरांनी. ते म्हणाले, रकाना रिकामा ठेवायचा हट्ट धरू नका, त्यात भरायला दुसरा कागद द्या. म्हणून आम्ही केलं ते असं. शाळेपासून मानशीपर्यंतच्या वाटेचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर पावलांनी मोजलेलं अंतर (हा नकाशा चौथीच्या मुलांनीच काढला, तो धडाही झाला). कोणतंही वाहन वापरलं जाणार नाही असं मुख्याध्यापिकेचं हमीपत्र. पालक-शिक्षक संघाचा ठराव, पालकांपैकी कोण कोण बांधावर उभे राहणार त्यांच्या नावांसह. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्जात एकच तारीख न देता तारखांचा पट्टा: अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत कोणताही शाळेचा दिवस, ओहोटीची वेळ पाहून. पाऊस, पाणी आणि फाइल, तिन्ही आपल्या हातात नसतात.

हे सगळं घेऊन मी टेबलाकडे न जाता ऑफिस उघडल्या उघडल्या थेट साहेबांच्या दाराशी उभी राहिले. सोबत एक साधा अर्ज होता: पायी जाण्यासाठी वाहनाचे कागद आवश्यक आहेत, असं कृपया लेखी कळवावं. साहेबांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, मग मूळ अर्जातल्या वाहनाच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात 'पायी' लिहून पुढे आद्याक्षरी केली. मी लिहिलेला 'पायी' त्याच रकान्यात, त्याच्याच वर होता. क्लार्कनी लगेच जावक क्रमांक दिला आणि "झालें मगो टीचर" म्हणत छान हसले. मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र चरफडत होते.

या सगळ्यात एक सांगायचं राहिलं. अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख पहिल्याच दिवशी मारून घ्या. तो नसता तर 'अर्ज कधी दिला होता?' इथूनच सुरुवात झाली असती.

गेलो ते दुर्गाष्टमीच्या आदल्या दिवशी. सरस्वती पूजनाची आरास अर्धवट सोडून. माझी सहकारी पहिली-दुसरीला घेऊन शाळेत थांबली, मी तिसरी-चौथी आणि पालक घेऊन निघाले. अष्टमीजवळचे दिवस भांगाचे, पाणी फार खाली जात नाही, तेव्हा दार उघडेल की नाही याची मला धाकधूक होती. मुरगाव बंदराची भरती-ओहोटीची वेळ पाहून निघालात तर नदीत आत राहणाऱ्यांनी वेळ वाढवून धरावी, पाणी आत पोचायला उशीर लागतो. नक्की किती, ते गावातल्या मासे पकडणाऱ्याला विचारा. आम्ही यंदाच्या पावणीत (लिलावात) ज्यांनी मासे पकडायला मानस घेतली त्यांना विचारलं होतं आणि त्यांनी सांगितलेली वेळ चुकली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दार बंद होतं. आत शेताच्या बाजूला पाणी साठलेलं, बाहेर खाडी अजून त्याहून वर, पण हळूहळू उतरणारी. मुलांनी चिखलात एक काठी रोवून तिच्यावर पाण्याची खूण केली. मग बराच वेळ काहीच नाही. एक जण खेकडे शोधायला लागला, दोघींचं टोपीवरून भांडण. आणि मग दाराच्या कडेने पाणी पाझरू लागलं, फट रुंद झाली, आणि अख्खं जाड लाकूड कुणीही हात न लावता बाहेर झुकलं. "बाई, कोणीच नाही!" चौथीतली एक मुलगी ओरडली. बाकीचे वाकून दाराच्या मागे माणूस आहे का बघत होते. हे दार माट्टीच्या लाकडाचं असतं, पाण्यात टिकतं म्हणून, हे मी त्यांना सांगितलं. कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

परत येताना प्रत्येकाने पडलेलं एकेक कणस उचललं आणि वर्गात दाणे मोजले. दहा-दहाचे गट पाडून मोजा म्हटल्यावर तिसरीला शतक-दशक-एकक पुस्तकातून जेवढं उमगलं नव्हतं तेवढं उमगलं. दोन बाटल्यांत पाणी आणलं होतं, एक आतलं, एक बाहेरचं. ते दोन स्टीलच्या ताटल्यांत उन्हात ठेवलं. बाहेरच्या ताटलीत पांढरी कड उरली, आतल्या ताटलीत जेमतेम. पावसाने खाजनातला खारटपणा धुऊन काढलेला असतो, म्हणून तर भात पावसाळ्यातच होतं. फेब्रुवारीत आतलं पाणी पुन्हा आणून तीच ताटली ठेवायची आहे. गोव्यात साधारण १८ हजार हेक्टर खाजन आहे असं सांगतात. आमच्या मुलांना सध्या त्यातला एक बांध ठाऊक आहे.

फेब्रुवारीच्या फेरीचा अर्ज दिवाळीची सुट्टी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी देणार आहे, हमीपत्र, नकाशा आणि तारखांच्या पट्ट्यासह.

आणि माध्यान्ह आहार करणाऱ्या बचत गटाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आम्ही सांगितलं होतं, म्हणून पाव-भाजी गरम मिळाली. चपलांचं मात्र मुलांवर सोडा. बांधावर पाय कसा घसरत नाही हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, गमबूट घालून आलेला एकटा पालक सोडला तर कोणीच घसरलं नाही.