तीन उत्तरपत्रिका आणि एकच ३४८

विद्यापीठाच्या परीक्षा गैरप्रकार चौकशी समितीपुढे येणाऱ्या बहुतेक फायली चिठ्ठीच्या असतात. कॅल्क्युलेटरच्या झाकणात सरकवलेली चिठ्ठी, हॉलतिकिटामागे पेन्सिलीनं लिहिलेली सूत्रं, तळहातावरचं बॉलपेन, हल्ली मोबाइल. अशा फायलीत समितीला फार डोकं चालवावं लागत नाही. कनिष्ठ पर्यवेक्षकानं मजकूर जप्त केलेला असतो, विद्यार्थ्याचा जबाब आणि हमीपत्र जोडलेलं असतं, जुनी उत्तरपत्रिका शेरा मारून बाजूला काढलेली असते आणि उरलेला पेपर त्यानं ‘ड्युप्लिकेट’ लिहिलेल्या नव्या उत्तरपत्रिकेत सोडवलेला असतो. जबाब द्यायला विद्यार्थ्यानं नकार दिला, तर तसं लिहून पर्यवेक्षक आणि केंद्रप्रमुख सह्या करतात. कागद नीट असले की प्रकरण वीस मिनिटांत उरकतं. ढिले असले, म्हणजे चिठ्ठीवर पर्यवेक्षकाची सही नाही किंवा ती कोणत्या प्रश्नाशी जुळते याचा परीक्षकाचा अभिप्राय नाही, तर खरोखर कॉपी केलेला मुलगाही सुटतो, आणि सुटायलाच हवा.

ही फाइल वेगळी होती. वर्गात कोणी काही पकडलंच नव्हतं. पेपर शांततेत पार पडल्याचा अहवाल होता, भरारी पथकाचा शेराही ‘निरंक’. तक्रार आली ती मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रातून. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा पेपर होता. परीक्षकानं बारकोड लावलेल्या तीन उत्तरपत्रिकांवर चिकटचिठ्ठी लावून लिहिलं होतं: ‘प्र. ३ ब पाहावा.’

गणित पाठ्यपुस्तकातलं होतं. ६ मीटर गाळ्याची, दोन्ही टोकांना साधी टेकवलेली पोलादी तुळई, काटछेद १२० बाय २०० मिमी, सर्व लांबीवर दर मीटरला १० किलोन्यूटन सारखा भार. मध्यभागी किती वाकेल? आधी जडत्व आघूर्ण काढायचं: १२० गुणिले २०० चा घन, भागिले १२, म्हणजे ८ × १०⁷. मग सूत्र: पाच गुणिले भार गुणिले लांबीचा चौथा घात, भागिले ३८४ गुणिले ई गुणिले आय. आय म्हणजे वर काढलेलं जडत्व आघूर्ण, ई म्हणजे पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक. ई दोन लाख घेतला की उत्तर १०.५५ मिमी.

तिघांचंही उत्तर १०.५५ होतं. एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही, बरोबर उत्तर वर्गातल्या चाळीस मुलांचं सारखंच येणार. पण तिघांनीही सूत्र लिहिताना ३८४ ऐवजी ३४८ लिहिलं होतं. ३४८ घेऊन गणित केलं तर उत्तर ११.६४ येतं.

इथं घाई केली की समिती तोंडघशी पडते. सारखी चूक म्हणजे कॉपी, असं धरून चालत नाही. एखाद्या गाइडमध्ये छपाईची चूक असते किंवा शिकवणाऱ्यानंच फळ्यावर आकडे उलटे लिहिलेले असतात, आणि मग अख्खा वर्ग तीच चूक इमानेइतबारे करतो. म्हणून सुनावणीआधीच परीक्षा विभागाकडून त्या केंद्राचा पूर्ण गठ्ठा मागवला होता. बाकी सगळ्यांनी ३८४ लिहिलं होतं. विषयशिक्षकांच्या नोट्समध्येही ३८४. गाइडची पळवाट तिथं बंद झाली.

मग बैठक व्यवस्थेचा तक्ता पाहिला. त्या वर्गात आडव्या ओळीत दोन शाखांची मुलं आलटून पालटून बसवली होती, म्हणजे शेजाऱ्याचा पेपर वेगळा. मात्र उभ्या रांगेत एकाच शाखेची मुलं एकामागे एक. आमचे तिघे सलग तीन बाकांवर. (बैठक व्यवस्था करणारे आडव्या ओळीचं भान ठेवतात आणि उभ्या रांगेकडे काणाडोळा करतात. बाकं जेवढी आहेत त्यात भागवायचं असतं, हेही खरं.)

तिन्ही उत्तरपत्रिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. समितीत आम्ही पाच जण, कायद्यानं त्याहून जास्त नसतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधल्या कलम ४८ खाली ही समिती नेमली जाते. पुढच्या बाकावरच्या मुलाच्या कागदावर जडत्व आघूर्णाच्या ओळीत खाडाखोड होती. दहाचा घात त्यानं आधी ६ लिहिला होता आणि त्याच्यावरच ७ गिरवला होता. इंग्रजी ६ वर ७ गिरवला की तो ८ दिसतो. मधल्या मुलानं तो ८ च उतरवला होता: ८ × १०⁸. शेवटच्या मुलानंही १०⁸.

पुढच्या मुलानं सूत्रात ३४८ लिहिलं होतं खरं, पण खालच्या ओळीत किमती घालताना ३८४ च घेतलं होतं. म्हणजे सूत्र लिहिताना हात चुकला, डोकं नाही. मधल्यानं वेळ वाचवायला किमती घालायची ओळच गाळली आणि सूत्रावरून थेट उत्तरावर उडी मारली. त्याच्या कागदावरचे आकडे कॅल्क्युलेटरवर मारून पाहिले तर १.१६ मिमी येतं. लिहिलंय १०.५५.

एवढ्यावर उत्तर कुठून कुठं गेलं ते कळलं: पहिल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. कसं गेलं, ते पुरवणीनं सांगितलं. हे गणित पहिल्या मुलाच्या पुरवणीत होतं, आणि त्या पुरवणीला दोन घड्यांच्या खुणा होत्या, आधी उभी आणि मग आडवी. मुख्य उत्तरपत्रिकेला घडी नाही, दुसऱ्या पुरवणीलाही नाही. दोरा बांधण्याआधी ती एकटी चौघडी होऊन कुठंतरी जाऊन आली होती.

सुनावणीत प्रत्येकाला वेगवेगळं बोलावलं. आरोप लेखी वाचून दाखवला, पुरावा समोर ठेवला. तिसरा मुलगा म्हणाला, “सर, आम्ही तिघं होस्टेलवर एकत्र अभ्यास करतो.” एकत्र अभ्यास केला की पद्धत सारखी येते, गिरवलेला आकडा सारखा येत नाही. १०⁸ कसा आला, हे त्याला सांगता आलं नाही. मधला गप्पच होता, त्यानं लेखी खुलाशात ‘चूक झाली, माफ करावे’ एवढंच लिहिलं. पहिल्याला पुरवणीची घडी दाखवली तेव्हा त्यानं मान्य केलं. “मागून पाय लावत होता, सर. त्याचे आधीच तीन विषय राहिलेत. मी दिली. मी स्वतः काहीच पाहून लिहिलं नाही.”

त्याचं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि त्याचा त्याला काही उपयोग नव्हता. हे मुलांना आधी कोणी सांगतच नाही. शिक्षेचे तक्ते राज्यातल्या विद्यापीठांत बरेचसे मिळतेजुळते आहेत. मुंबई विद्यापीठाचा ५०५० क्रमांकाचा अध्यादेश त्यातला ओळखीचा. नुसता कॉपीचा मजकूर जवळ सापडला, तर त्या परीक्षेचा पूर्ण निकाल रद्द. पूर्ण म्हणजे त्या सत्रातले सगळे विषय, एकच पेपर नव्हे. प्रत्यक्ष उतरवलं असेल तर निकाल रद्द आणि वर आणखी एका परीक्षेला बंदी. दुसऱ्याची उत्तरपत्रिका जवळ सापडली तर तेवढीच शिक्षा, आणि ती दोघांनाही, घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला. सामूहिक कॉपीला दोन परीक्षा. उत्तरपत्रिका बाहेर नेणं-आणणं इथपासून शिक्षा चढत जाते, आणि तोतया बसवला तर पाच.

‘एक परीक्षा’ ऐकायला किरकोळ वाटतं. हिशेब करून पाहा. हिवाळी परीक्षेचा निकाल रद्द, म्हणजे तिसऱ्या सत्राचे सगळे विषय बाकी. उन्हाळी परीक्षेला बंदी, म्हणजे चौथं सत्रही कोरं. एटीकेटीची, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षाला जाण्याची, मर्यादा ओलांडली की तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, वर्ष गेलं. शुल्क शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडतं, होस्टेलची खोली जाते. पुढे कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांच्या अर्जात खंड पडल्याचं कारण विचारलेलं असतंच. आठपेक्षा जास्त पॉइंटर असलेल्या मुलानं एक पुरवणी मागं सरकवून हे सगळं ओढवून घेतलं होतं.

आमच्यात वाद झाला तो त्याच्यावरूनच. एका सदस्याचं म्हणणं, तिघांनाही सामूहिक कॉपीचं कलम लावा, म्हणजे पुढच्यांना जरब बसेल. मला ते पटलं नाही. जरब बसवणं हे आमचं काम नव्हे, आणि तिघांनी आधी ठरवून केल्याचा कसलाही पुरावा नव्हता. पहिल्याला सोडून द्या, असंही दुसऱ्यानं सुचवलं. तेही जमण्यासारखं नव्हतं, कारण पुरवणी खिशातून पडली नव्हती, त्यानं ती दिली होती. शेवटी पहिल्या दोघांना उत्तरपत्रिकेच्या देवघेवीचं कलम, तिसऱ्याला प्रत्यक्ष कॉपीचं, असा अहवाल सर्वानुमते परीक्षा मंडळाकडे गेला. समिती शिफारस करते, निर्णय मंडळाचा. तिसऱ्याच्या हाती पुरवणी गेल्याचं कशावरूनच दिसत नव्हतं, म्हणून ते कलम त्याला लावलं नाही. शिक्षा तेवढीच बसते, पण आदेशात जे घडलं तेच लिहिलेलं असावं. आदेशाला आव्हान दिलं गेलं तर तो अशाच ठिकाणी फाटतो.

अधिनियमातल्या त्याच कलम ४८ खाली पर्यवेक्षक आणि परीक्षक यांच्या कसुरीचीही चौकशी होते, हे बऱ्याच प्राध्यापकांना ठाऊक नसतं. एक पुरवणी चौघडी होऊन मागच्या बाकावर जाते, तिथून परत येते आणि वर्गातल्या दोन पर्यवेक्षकांना त्याचा पत्ता नाही. त्यांच्या खुलाशात ‘सतत फिरत होतो’ असं होतं. हजेरीपत्रकात मात्र पुरवण्यांचे क्रमांक एकाच पेनानं, एकाच ओघात, शेवटी भरलेले दिसत होते. त्यांचं प्रकरण वेगळं काढून प्राचार्यांकडे पाठवलं आणि सोबत केंद्राला दोन सूचना दिल्या: पुरवणी देतानाच तिचा क्रमांक लिहून विद्यार्थ्याची सही घ्यावी, आणि बांधायचा दोरा पहिल्याच पुरवणीबरोबर द्यावा, शेवटच्या दहा मिनिटांत नव्हे.